मोजता न येणारी नामं

नेरूळला, झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
अॅडव्हान्स बॅच. मंगळवार, शुक्रवार, साडेसात.
बेसिक माझं कधीच झालंय.
महापेच्या डेटा सेंटरच्या दारावर रात्रभर
गुड ईव्हनिंग सर, काइंडली साइन हिअर,
एवढं मी झोपेतही बोलतो.
पण सुपरवायझरच्या मुलाखतीला, म्हणे,
मत मांडता आलं पाहिजे.
कशावरही.

वैदेही मॅडम पुस्तक उघडत नाहीत.
तुम्ही आधी बोला, म्हणतात,
व्याकरण मागून येईल, वासरासारखं.
गेला आठवडा संगीत होतं, हा आठवडा आनंद.
आयर्लंडला निघालेली जुईली नर्स म्हणाली,
रात्रपाळीला वॉर्डात एकच मशीन सुरात वाजतं,
ते वाजत राहावं, बस्स, हाच आनंद.
मॅडम जरा थांबल्या. मग म्हणाल्या,
व्हेरी गुड, पण ‘अ म्युझिक’ नाही म्हणायचं.

मग मी.
बसूनच बोलायचं असतं, तरी उभा राहिलो
आणि म्हणालो,
माय मदर हॅज मेनी हॅपिनेस.

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.
मॅडमनी फळ्यावर यादी काढली :
म्युझिक, हॅपिनेस, अॅडव्हाइस, राइस, लगेज, मनी.
ही नामं मोजता येत नाहीत.
मनी?
मागच्या बाकावरच्या भाविनभाईंचं पेनच पडलं.
मॅडम, मग सकाळपासून गल्ल्यावर बसून मी करतो काय?
त्यानंतर बराच वेळ कुणी काही शिकलं नाही.

मी मात्र तांदळापाशी अडकलेला.

आई माझी धवलारीण, करावे गावची.
मांडवात चौक भरायला बसायची,
मुठीत तांदूळ, तोंडात धवला,
बोटांतून दाणे पडायचे ते ओळीच्या लयीत.
आमच्या भाषेत तांदूळ अनेकवचनी आहेत.
एकेक दिसतात.
आता मांडवात डीजे असतो.
आईला अजून बोलावतात, मानानं, साडी-नारळ देऊन,
अर्ध्या धवल्यापुरतं.
कॅमेरावाला आला की सुरू,
तो जेवायला गेला की बास.

गृहपाठ होता : घरच्या कुणाला तरी आनंदाबद्दल विचारा.
ड्युटीवर निघताना विचारलं.
आधी इंग्रजीत, सरावासाठी.
मग आगरीत.
सुकट निवडत होती, मान वर केली नाही.
“कनचा आनंद? मोजून सांगू?
चारशे सतरा लग्नां गायले मी.
चार मोडली, ती धरली नाय.”
कधीपासून मोजतेस?
“साखली घेऊन सायेब आलं व्हतं ना जमीन मोजाला,
तवापासून.
ते शेतां मोजत व्हते,
मी लग्नां.”
मग म्हणाली, डबा विसरशील.

शुक्रवारी वर्गात सांगितलं, जमेल तसं.
शेतांपाशी शब्द संपले,
तिथं मी नुसताच हातानं साखळी ओढून दाखवली.
माय मदर काउंटेड, म्हणालो.
हॅज बीन काउंटिंग, मॅडम हळूच म्हणाल्या,
अजून चालू आहे ना?
आणि फळ्याकडे गेल्या, पण काही लिहिलं नाही.

तेव्हा दिसलं.
त्यांचा डावा हात साडीच्या निऱ्यांवर,
अंगठ्यानं चाललेलं करंगळी, अनामिका, मधलं बोट,
पुन्हा करंगळी.
लहानपणी मद्रासला शिकलेला कुठलासा ताल,
वर्ग चालू असताना आत चाललेला.
मॅडम, मी म्हणालो, यू आर काउंटिंग म्युझिक.
हात मुठीत गेला.
दोज आर बीट्स, त्या म्हणाल्या. बीट्स मोजता येतात.
कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

रविवारी सानपाड्याला चारशे अठरावं.
आईला स्कूटरवरून न्यायचंय.
रजेचा अर्ज मॅडमकडून तपासून घेतला.
टू लीव्ह्ज नाही लिहायचं, त्या म्हणाल्या,
ती झाडाची पानं. रजेचं लीव्ह मोजता येत नाही.

आमच्या एचआरला हे अजून
कुणी शिकवलेलं नाही.